बोटांनी शिकलेले शब्द

माझी धाकटी बहीण सहाव्या वर्षी देवीच्या साथीत आंधळी झाली. तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. ठाण्याला टेंभी नाक्यापाशी दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं आमचं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते शाळेत इंग्रजी शिकवत. आई, अण्णा, मी आणि ती, एवढीच माणसं घरात.

देवी टोचणारा माणूस, ज्याला गावात देवीडॉक्टर म्हणत, त्या वर्षी आमच्या आळीत येऊन गेला होता. तो दिसला की लोक दारं लावून घेत, मुलांना माळ्यावर चढवत. अण्णांनी मात्र आम्हां दोघांना स्वतः हाताला धरून त्याच्यापुढे बसवलं. माझ्या दंडावर फोड उठले, पिकले, खपली धरली. तिच्या दंडावर काहीच उठलं नाही. "कधीकधी धरत नाही. पुढच्या फेरीला पुन्हा टोचू," असं सांगून तो कळव्याकडे निघून गेला. त्याची पुढची फेरी येण्याआधी साथ आली.

त्या दिवसांतलं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. दाराला लावलेला कडुलिंबाचा डहाळा. घरात फोडणी बंद, त्यामुळे रोजचं अळणी जेवण. मला शेजारी झोपायला पाठवलं होतं, आणि भिंतीपलीकडून तिचं कण्हणं ऐकू यायचं. आई दिवसभर तिच्या उशाशी बसून तिचे हात धरून ठेवी, म्हणजे ती खाजवणार नाही. डोळ्यांत फोड आले तेव्हा आईनं गावदेवीला चांदीचे डोळे बोलले. ताप उतरला, अंगावरच्या खपल्या पडल्या, पोर वाचली. पण डोळ्यांवर दुधासारखा पडदा आला तो आलाच.

नवस फेडायचा की नाही यात दोन दिवस गेले. शेवटी आई म्हणाली, "जीव दिला ना तिनं परत. मग द्यायला हवेत." सोनाराकडून डोळे करून आणले. देवळात निघायच्या आधी अण्णांनी ते बहिणीच्या तळहातावर ठेवले. तिनं ते बराच वेळ चाचपले.

"हे देवीच्या डोळ्यांत आत बसवतात की वरून चिकटवतात?" तिनं विचारलं.

"वरून. गुरव मेण लावून बसवतो," आई म्हणाली.

"मग मेण सुटलं की पडतील."

आईला रडू आलं. ती आत गेली. अण्णा तिथंच बसून राहिले. मग ते बहिणीला म्हणाले, "तू विचारलंस ते बरं विचारलंस. आपण सगळ्यालाच बसवणं म्हणतो. इंग्रजीत याचे शब्द वेगवेगळे आहेत. आत घातलेलं, आत जडवलेलं, आत रुतलेलं, प्रत्येकाचा शब्द निराळा."

"सांगा ना."

अण्णांनी तिला त्या दिवशी एक शब्द सांगितला. तिथून ते सुरू झालं.

मला वाटतं, त्यांना तिच्यासाठी काय करावं ते सुचत नव्हतं. ते इंग्रजी शिकवत, एवढंच त्यांच्यापाशी होतं. आणि रंगांचे, आकाशाचे, पक्ष्यांचे शब्द आंधळ्या मुलीला सांगून काय उपयोग, असं त्यांच्या मनात आलं असणार. एका वस्तूत दुसरी वस्तू कशी बसली आहे, हे मात्र बोटांना कळतं. डोळसालाही कधीकधी कळत नाही, पण बोटांना कळतं. शाळेतून आल्यावर पाय धुऊन ते ओटीवर बसत, आणि ती त्यांच्या गुडघ्याला टेकून बसे. वस्तू शोधून आणायचं काम माझं.

पहिली आली कुलूपकिल्ली. "इन्सर्ट," अण्णा म्हणाले. "हवं तेव्हा आत घालायचं, हवं तेव्हा बाहेर काढायचं." तिनं किल्ली कितीदा तरी आतबाहेर केली. मग अण्णांच्या लेखणीची पेटी. ती शिसवी होती आणि झाकणावर पितळेची बारीक पट्टी वेलीसारखी बसवली होती. "हे इन्ले. लाकूड कोरून त्यात पितळ अशा बेतानं बसवलंय की वर-खाली होऊ नये. बोट फिरवून बघ, पायरी लागते का?" ती डोकं एका बाजूला कलवून बोट फिरवी. "लागत नाही. पण थंड लागतं. पितळ कुठं सुरू झालं ते कळतं."

खाडीच्या काठावरून मी एक दगड आणला, त्यात शिंपला घट्ट रुतून बसलेला होता. तिनं तो उपटायचा प्रयत्न केला. अण्णा म्हणाले, "तो नाही निघायचा. चहूबाजूंनी दगड आहे. काढायचा तर दगड फोडावा लागेल. याला एम्बेड म्हणतात."

"आणि फोडला तर शिंपला राहील का?"

"बहुतेक नाही."

हे शब्द ती स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगे. आई आधी कंटाळायची. "तिला चूल कुठली, पाट कुठला ते कळू दे आधी," असं अण्णांना म्हणायची, आणि तेही शिकवणं तिचं एका बाजूनं चाललेलंच होतं. पीठ किती ओलं, भाकरी कधी फुगली, तेल कधी तापलं, हे ती तिला वासानं आणि आवाजानं शिकवत होती. एकदा मात्र होळीला पुरणपोळ्या लाटताना आईनंच ओटीवर आवाज दिला, "अहो, आणि पोळीतल्या पुरणाला काय म्हणतात तुमचे साहेब?"

अण्णा म्हणाले, "स्टफिंग."

"गादीतल्या कापसाला?"

"त्यालाही तेच."

आई हसली. "मग कसले हो शब्द वेगवेगळे." बहीणही हसली, आणि अण्णाही. देवी येऊन गेल्यानंतर घरात सगळे मिळून हसलेले मला आठवतात ते त्या दिवशी.

एक शब्द तिला कळेना, तो म्हणजे इन्सेट. अण्णांकडे मुंबई इलाख्याचा मोठा नकाशा होता. त्याच्या कोपऱ्यात चौकट आखून मुंबई बेटाचा लहान नकाशा छापलेला होता. मोठ्या चित्रात बसवलेलं छोटं चित्र म्हणजे इन्सेट. पण कागद सगळा गुळगुळीत. ती हात फिरवून म्हणाली, "अण्णा, इथं काहीच नाहीय." अण्णांनी तो नकाशा जमिनीवर पसरला, खळ शिजवली आणि किनाऱ्याच्या रेघेवर, नद्यांवर, कोपऱ्यातल्या चौकटीवर सुती दोरा चिकटवत बसले. दोन रविवार लागले. शेजारचे गृहस्थ ओटीवर येऊन बघत. एकदा म्हणाले, "मास्तर, पोरीला गावं कळून काय करायचंय? ती कुठं जाणार आहे?" अण्णांनी मान वर केली नाही. ठाण्याच्या जागी त्यांनी मोहरीचा दाणा चिकटवला, कल्याणच्या जागी दुसरा. दोन दाण्यांमध्ये तिच्या करंगळीचं टोकही मावेना. "इतकं जवळ?" ती म्हणाली. "मग मामा सारखा का नाही येत?"

मामा कल्याणला राहत. आंबिवलीच्या वाटेवर त्यांचा एक मळा होता, आणि त्यांना गुलाबांचा नाद होता. एका थंडीत आम्ही सगळे आगगाडीनं कल्याणला आणि तिथून बैलगाडीनं मळ्यात गेलो. मामा जंगली गुलाबावर चांगल्या गुलाबाचा डोळा भरत होते. सालीला उभी चीर द्यायची, साल हलक्या हातानं उचलायची, आत डोळा सरकवायचा, आणि वरून केळीच्या सोपटाच्या दोरीनं बांधून टाकायचं. मामांनी तिचं बोट धरून त्या चिरेवरून फिरवलं.

अण्णा उत्साहात होते. "अगं, याला इंग्रजीत जुना शब्द आहे, इनॉक्युलेट. मूळ अर्थ अगदी आपल्यासारखाच. झाडात डोळा बसवणं. आणि गंमत बघ, देवी टोचतात ना, त्यालाही…"

ते मध्येच थांबले. मामांनी हातातला चाकू पुसला. आई दूर विहिरीपाशी होती, तिला ऐकू गेलं नाही.

"मामा, हा धरेल का?" बहिणीनं विचारलं.

"धरला तर धरला. सगळे नाही धरत."

"माझ्या दंडावरचा धरला नव्हता तसा," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. दोन गोष्टींतलं साम्य लक्षात आलं म्हणून सांगितलं, इतकंच. अण्णा उठून बांधावर जाऊन उभे राहिले. परतीच्या गाडीत ती त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती आणि ते तिच्या केसांतून हात फिरवत होते.

ती बारा-तेरा वर्षांची झाली तसे लोक विचारू लागले. त्या काळी आमच्यात एवढी मुलगी बिनलग्नाची घरात असणं म्हणजे दारावरून जाणाऱ्यानंही थांबून बघावं असली गोष्ट. हळदीकुंकवाला आईला बोलावणी येईनाशी झाली. अण्णा म्हणत, "ती हो म्हणेल तेव्हा बघू. मी आहे तोवर तिला कशाची ददात नाही." आई रात्रंदिवस त्या 'मी आहे तोवर' वर अडकून राही.

आणि आईचंच खरं झालं. पुढच्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली. अण्णा सकाळी शाळेत जायला निघाले ते दारातूनच परत फिरले, आणि दिवस मावळायच्या आत गेले. बहिणीनं त्यांचा हात शेवटपर्यंत सोडला नव्हता. बायकांनी तिला उठवायला पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "अजून गरम आहे."

मी नुकताच कचेरीत उमेदवारीला लागलो होतो. मामा आम्हांला आधार द्यायला आले आणि वर्षभरानं त्यांनीच स्थळ आणलं. कल्याणच्या मामलेदार कचेरीतला कारकून, पस्तिशीचा, बिजवर. पहिली बायको मूलबाळ न होता गेलेली, घरात म्हातारी आई. मुलगी आंधळी आहे, तोंडावर वण आहेत, हे त्याला आधी सांगितलं होतं. तो पाहायला आला तेव्हा त्यानं फार काही विचारलं नाही.

"नव्या घरात वावरता येईल का?" एवढं म्हणाला.

"हात लावून बघितलं की येईल," ती म्हणाली. "दोन-चार दिवस लागतील."

तो गेल्यावर आई माझ्याशी बोलली. "मी किती दिवसांची? तुझं लग्न होईल. येणारी हिला बघेलच असं कोण सांगू शकतं?" बहिणीनं दारामागून सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली आणि म्हणाली, "आवाज बरा आहे त्यांचा. करा."

लग्न झालं. तिच्याबरोबर मी ती लेखणीची शिसवी पेटी दिली.

माझा मेहुणा वाईट माणूस नव्हता, हे मला आधी सांगितलं पाहिजे. पण घर त्याच्या आईचं होतं आणि त्या घरात सोवळंओवळं फार कडक. आंधळ्या हाताला काय शिवलं नि काय नाही हे कसं कळणार, म्हणून पहिल्याच दिवशी तिला स्वयंपाकघराची बंदी झाली. मग देवघराची. पाण्याच्या माठाजवळ जायचं नाही. कोनाड्यातल्या दिव्याला हात लावायचा नाही. भिंतीवरून हात फिरवत चालायचं नाही, घर चाचपणं अशुभ दिसतं. माजघरात एका कोपऱ्यात तिला पाट दिला आणि वाती वळायला कापूस दिला. सासू तिला मारत नसे, उपाशी ठेवत नसे. फक्त दिवसभरात तीनच शब्द तिच्या वाट्याला येत, 'हात लावू नकोस'. देवीनं तिचे डोळे नेले होते. ज्या दहा बोटांवर अण्णांनी तिचं सगळं जग पुन्हा उभं केलं होतं, ती आता मांडीवर ठेवून बसायची.

मी दिवाळीला तिला आणायला गेलो तेव्हा हे पाहिलं. सासू देवळात गेली होती. मी तिच्याजवळ बसलो. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "मिशी आली," म्हणाली. मग बराच वेळ माझा हात आपल्या हातात घेऊन बसली, नखं, शिरा, बोटांवरचे शाईचे डाग जिथं असतात ती जागा, सगळं बघत.

"दादा, तो शब्द कुठला रे? काढायचं तर फोडावं लागतं तो?"

तिला तो ठाऊक होता. अण्णांनी शिकवलेला एकही शब्द ती विसरली नव्हती. मलाही ठाऊक होता.

"आठवत नाही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि कापूस हातात घेतला.

त्या दिवाळीला सासूनं तिला पाठवलं नाही. मी मेहुण्याशी बोललो. स्टेशनापर्यंत तो मला पोचवायला आला होता. मी म्हणालो, "तिला निदान भिंतीला हात लावून चालू द्या. तिला ते डोळ्यांसारखं आहे." तो मान खाली घालून चालत होता. म्हणाला, "मला कळतं हो. आई ऐकत नाही." गाडी यायला वेळ होता, पण तो थांबला नाही.

दोन वर्षांनी तिला मुलगी झाली. बाळंतपणाला ती आमच्याकडे आली होती. तेवढे तीन महिने आमच्या घरात तिचे हात पुन्हा चालले. बाळाची बोटं मोजायची, टाळूचा मऊ भाग कुठं आहे, कानाची पाळी कशी दुमडली आहे, हे सगळं ती आईला वर्णन करून सांगायची, जणू आईनं ते पाहिलेलंच नाही. आईही "हो का?" म्हणून ऐकायची. देवीडॉक्टर दिसला की आता कोणी दारं लावून घेत नसे, लोक थोडे निवळले होते. तिनं मुलीला टोचून घेतलं आणि आठ दिवस त्या इवल्या दंडावर फुंकर मारल्यासारखं बोट टेकवून बघत राहिली. एका सकाळी मला हाक मारून म्हणाली, "दादा, धरलं."

कल्याणला परतल्यावर मुलीच्या अंगाला हात लावायला तिला कोणी मनाई केली नाही. ते एक तरी त्या घरानं तिला दिलं. मुलगी रांगू लागली तशी तीच तिला ओढत घरभर नेऊ लागली, आणि लेकरामागून जाते म्हटल्यावर सासूही फारसं बोलत नसे.

मुलगी तीन वर्षांची असताना बहिणीला ताप आला. तो उतरेना. मला निरोप मिळाला तेव्हा पावसानं रुळांवर पाणी आलं होतं, गाड्या अडकल्या होत्या. मी कल्याणला पोचलो तेव्हा घरापुढे मडक्यासाठी पेटवलेल्या गोवऱ्यांची ओली राख होती आणि अंगण नुकतंच सारवलेलं होतं.

दिवसवार झाल्यावर मेहुणा मुलीला घेऊन ठाण्याला आला. आईनं त्याला गूळपाणी दिलं. तो ओटीवर, अण्णा बसत त्याच जागी बसला, त्याला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. मग तो म्हणाला, "शेवटच्या दिवशी ती काहीतरी बोलत होती. मराठी नव्हतं. इंग्रजी असावं. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. आमच्याकडे कोणालाच इंग्रजी येत नाही. मला कचेरीपुरती चार अक्षरं, पण हा शब्द मी कधी ऐकलेला नव्हता. वाटलं, तुम्हांला सांगेन म्हणजे तुम्ही सांगाल तिला काय हवं होतं. येताना गाडीत आठवत होतो तर सगळाच निसटला."

"सुरुवात तरी?"

"इन… असं काहीसं. नक्की नाही."

मी एकेक शब्द म्हणत गेलो. इन्सर्ट. इन्ले. इन्सेट. प्रत्येक शब्दाला तो डोळे मिटून ऐकायचा आणि मान हलवायचा. शेवटी म्हणाला, "नका. कोणताही म्हटलात तरी आता मला तोच वाटेल." "मी आईला एकदा जरी बजावून सांगितलं असतं," तो म्हणाला. मी त्याला दोष दिला नाही. आईनंही दिला नाही. ती आतून आली, त्याच्यापुढची भांडी उचलली, आणि "जेवूनच जा," असं म्हणाली.

मुलीला तो आमच्याकडेच ठेवून गेला. त्याची आई थकली होती, आणि मला वाटतं, त्याला त्या घरात तिला वाढवायचं नव्हतं. दर महिन्याला येऊन भेटून जाई. मुलगी पहिले काही दिवस कोणाच्या हातचं जेवेना. आई तिच्याजवळ नुसती बसून राही, भात कालवून पुढे ठेवी. मग एक दिवस ती आपली आपण जेवली.

आता ती डोंबिवलीला दिल्या घरी आहे. तिला इंग्रजीची आवड नाही, मी शिकवायला गेलो तर पळून जायची. रांगोळी मात्र सुरेख काढते, श्रावणात माहेरी आली की आमच्या अंगणात रोज नवी असते. आई कशी होती, असं तिनं मला एकदाच विचारलं. मी अण्णांच्या नकाशाचं, पुरणपोळीचं, मामांच्या मळ्याचं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मामा, मला तिचा चेहरा अजिबात आठवत नाही. सकाळी जाग यायच्या आधी कोणीतरी तोंडावरून बोटं फिरवायचं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, एवढं आठवतं. ती आई होती की आजी, कोण जाणे."

ती आईच होती, असं मी तिला सांगितलं.